कामावर अन्याय होत असेल तर: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने, जालन्याच्या सळईच्या मिल, लातूरचे क्लासेस आणि खासगी शाळा, बीड-धाराशिवकडचे ऊसतोड मजूर असे सगळीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हक्क असूनही माणूस हरतो, त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात: हातात कागद नव्हता, नाहीतर मुदत निघून गेली होती. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी कागद कोणता आणि मुदत किती, हे आवर्जून दिलं आहे.

१. साहेब रोज सगळ्यांसमोर बोलतात, अपमान करतात. याची तक्रार होते का?

नुसतं रागावणं, काम बदलणं, जास्त काम देणं यावर कामगार कार्यालय फारसं काही करू शकत नाही. पण त्या रागामागे पगार कापणं, हजेरी न लावणं, युनियनमध्ये गेलात म्हणून लांब बदली, राजीनाम्यासाठी दबाव, जातीवरून किंवा बाई म्हणून छळ असं काही असेल, तर ते कायद्यात बसतं. तक्रार लिहिताना 'त्रास देतात' एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला, कुणी, काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं, ते लिहा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्याकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज देता येतो.

२. भांडण अजून पेटलेलं नाही, पण लक्षणं दिसतायत. आधी काय करू?

कागद गोळा करा, आणि गेट पास काढून घेतला जाण्याआधी करा. एकदा गेटबाहेर पडलात की आतला एक चिटोराही मिळत नाही. हजेरी कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, पगारस्लिपा, पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, पीएफचं पासबुक, शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज हे सगळं घरच्या माणसाच्या फोनवर किंवा ई-मेलवर पाठवून ठेवा. ग्रुपमधून काढून टाकलं तर पुढचे मेसेज दिसत नाहीत, आणि फोन बदलला तर जुनेही जातात, म्हणून ग्रुपची चॅट वेळीच बाहेर काढून घ्या.

एक साधी वही ठेवा. रोज तारीख, येण्या-जाण्याची वेळ, ओटीचे (जादा कामाचे) तास आणि त्या दिवशीचा सुपरवायझर लिहायचा. एकाच दिवशी एकाच पेनाने सहा महिन्यांचं लिहून काढलेली वही न्यायालयात टिकत नाही, रोज लिहिलेली टिकते. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, दुसऱ्यांचे पगार यांचे फोटो मात्र काढू नका. त्यावरूनच चोरीचा आरोप लावला जातो.

३. माझ्याकडे नियुक्तीपत्र नाही, पगार रोख मिळतो. मी कामगार ठरतो का?

ठरता. काम, हुकूम आणि मोबदला हे तीन दाखवता आले की नातं सिद्ध होतं. नियुक्तीपत्र देणं हे मालकाचं काम, ते दिलं नाही हा त्याचा दोष. रोख पगारवाल्यांनी प्रश्न २ मधली वही, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब, गेटवरची नोंद, मालाच्या चलनावरची आपली सही, मालकाचे 'आज लवकर ये' छापाचे मेसेज जपावेत. एकदोन वेळा पगार फोन-पेवर मागून घेतलात तर तो सगळ्यात भक्कम पुरावा.

४. तक्रार नेमकी कुठे द्यायची? प्रत्येक जण वेगळं ऑफिस सांगतो.

कारण विषयानुसार ऑफिस खरंच बदलतं. पगार, ओटी, कामावरून काढणं यासाठी जिल्ह्याचं कामगार कार्यालय. छत्रपती संभाजीनगरला कामगार उपायुक्त बसतात, इतर जिल्ह्यांत सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी. पीएफसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालय, औषधोपचार आणि आजारपणाच्या रजेसाठी ईएसआय. मशीनला गार्ड नाही, सेफ्टी नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. रेल्वे, बँक, विमा कंपनी यांचे कामगार केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जातात, राज्याच्या नाही. तिथले ठेकेदाराचे कामगारसुद्धा. या एका चुकीत लोकांचे महिने जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. त्याची धास्ती नको. अर्जात हकिकत आणि मागणी स्पष्ट असेल तर कलम चुकलं म्हणून हक्क बुडत नाही.

५. अर्ज दिला होता, पण 'आमच्याकडे आलाच नाही' म्हणतात.

म्हणजे पोच घेतली नव्हती. अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. 'ठेवून जा, साहेब आल्यावर बघू' असं म्हणाले तर ठेवू नका. थेट पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचा, आणि पोस्टाच्या साइटवर 'पोचले' दिसलं की त्याचा फोटो घ्या. कंपनीला द्यायच्या पत्रालाही हाच नियम, जोडीला एचआरच्या ई-मेलवर तेच पत्र. तोंडी तक्रार करून आलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

६. दोन महिन्यांचा पगार थकलाय. 'पार्टीचं पेमेंट आलं की देतो' म्हणतात.

मालकाचं पेमेंट आलं की नाही, याच्याशी तुमच्या पगाराचा संबंध नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. नोकरी सुटली, मग काढलं असो की राजीनामा, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. पगारातून होणाऱ्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, आणि 'माल खराब झाला' म्हणून कापायचं तर आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

आधी कंपनीला लेखी मागणी करा: महिना, रक्कम, आठ दिवसांची मुदत. नाही मिळालं तर कामगार कार्यालयात दावा. मुदत ३ वर्षं आहे, पण तितकं थांबू नका, तोवर छोटी युनिट बंद होऊन मशिनरी विकलेली असते. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पाच-दहा जणांनी मिळून अर्ज केला तर एकटा माणूस डोळ्यांवर येत नाही.

किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर त्याच अर्जात फरक मागा. महागाईचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्यामुळे हिशेब सहा-सहा महिन्यांचे तुकडे पाडून करा. सरसकट एकच दर धरला की कंपनीचा माणूस पहिल्याच तारखेला अर्जातली चूक दाखवतो.

७. बारा तासांची ड्युटी आहे, ओटी 'सिंगल' देतात. चालतं का?

नाही. जादा तासाला साध्या दराच्या दुप्पट द्यावं लागतं. हिशेब करून बघा. पगार १३,००० रुपये, २६ दिवस, म्हणजे रोजचे ५००. आठ तासांनी भागले की तासाला ६२.५०. ओटीचा दर तासाला १२५. रोज ४ तास जादा म्हणजे रोज ५००, आणि महिन्याचे १३,०००. बारा तास राबणाऱ्याची ओटी त्याच्या पूर्ण पगाराएवढी होते. सिंगल दराने ६,५०० हातात पडतात तेव्हा उरलेले ६,५०० दर महिन्याला बुडतात. तीन वर्षांचे २ लाख ३४ हजार होतात. काही ठिकाणी ओटी पगारस्लिपेवर 'इन्सेंटिव्ह' किंवा 'प्रवासभत्ता' म्हणून दाखवतात. नाव काहीही असो, तास हजेरी कार्डावर असतात. कार्डाचा फोटो म्हणूनच लागतो.

८. ठेकेदार पगार बुडवून पळाला. कंपनी म्हणते, तुम्ही आमचे नाही.

पगारापुरते तुम्ही कंपनीचेच. ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, ती नंतर ठेकेदाराच्या बिलातून वसूल करू शकते. दाव्यात ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. फक्त ठेकेदाराचं नाव टाकणं ही नेहमीची चूक: त्याचा पत्ता एका खोलीचा असतो, नोटीस परत येते आणि प्रकरण तिथेच थांबतं. कोणत्या कंपनीत काम केलंत हे दाखवायला गेट पास, सेफ्टी ट्रेनिंगची नोंद, कँटीनचं कुपन यांतलं काहीही चालतं.

९. ऑफिसात बसवून राजीनाम्यावर सही घेतली. आता काय?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लिहा. चार ओळी पुरतात: अमुक तारखेला अमुक वाजता अमुक यांनी केबिनमध्ये बसवून सही घेतली, मी स्वेच्छेने राजीनामा दिलेला नाही, तो मागे घेत आहे, मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. ई-मेल, स्पीड पोस्ट आणि एक प्रत कामगार कार्यालयाला. पंधरा दिवसांनी लिहिलेलं तेच पत्र कमकुवत पडतं, कारण विरुद्ध बाजू विचारते की इतके दिवस गप्प का होतात.

'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. पैसे परस्पर खात्यात जमा झाले तर परत पाठवायची गरज नाही, 'हक्क राखून स्वीकारले' असं लेखी कळवा.

१०. काही कागद दिला नाही, फक्त गेटवर अडवलं. काढलं असं समजायचं का?

समजा, आणि लगेच पुरावा तयार करा. पुढे कंपनी हमखास सांगते की कामगार स्वतःच गैरहजर राहिला. म्हणून सलग तीन-चार दिवस शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. तिथून एचआरला मेसेज टाका: 'आज सकाळी ६.५० ला पहिल्या शिफ्टसाठी आलो, सुरक्षारक्षकाने आत सोडलं नाही.' गेटच्या पाटीसह फोटो घ्या. हुज्जत घालू नका, गेटवर आरडाओरड झाली की तीच आरोपपत्रात येते.

आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर कामगारकपात म्हणून काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. २४० मध्ये भरपगारी रजा आणि सुट्ट्याही मोजतात. गैरवर्तनासाठी काढायचं तर चौकशी हवी (प्रश्न १२).

मुदती दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कामगार कार्यालयात काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत न्यायचा, तिथे तडजोड झाली नाही आणि अर्जाला ४५ दिवस उलटले की थेट न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली 'अनुचित कामगार प्रथे'ची (कायद्याने मना केलेल्या वागणुकीची) तक्रार करायची तर फक्त ९० दिवस. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण सबळ कारण लागतं, आणि 'साहेब परत घेतो म्हणाले होते' हे कारण लेखी नसेल तर चालणं कठीण. कोणता मार्ग घ्यायचा हे वकिलाला ९० दिवसांच्या आत विचारा.

११. दर सात महिन्यांनी 'ब्रेक' देऊन पुन्हा नव्याने घेतात.

२४० दिवस भरू नयेत म्हणून ही युक्ती वापरतात. वर्षानुवर्षं हंगामी किंवा बदली कामगार म्हणून ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं, ही त्याच १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. प्रत्येक ब्रेकची तारीख, ब्रेकमध्ये त्याच मशीनवर कोण होतं आणि परत घेताना कोणत्या ठेकेदाराचं नाव लावलं, एवढं टिपून ठेवा. यात एकट्यापेक्षा युनियनमार्फत गेलेलं बरं.

१२. आरोपपत्र दिलंय, निलंबित केलंय. ते पत्र घेऊ की नको?

घ्या. नाकारलंत तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी 'घेण्यास नकार' अशी नोंद होते आणि तुमच्या पाठीमागे चौकशी पूर्ण होते. घेताना सहीखाली 'मजकूर मान्य नाही' आणि तारीख लिहा. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. कागदपत्रांच्या प्रती, मराठीत कामकाज आणि सोबत एक सहकारी मागा. चौकशीत साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. रोजच्या कामकाजाचा कागद वाचल्याशिवाय सही नको, चुकीचं लिहिलं असेल तर सहीजवळच तसं लिहा.

निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो, पुढे उशीर तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. तो मिळत नसेल तर चौकशी अधिकाऱ्यालाच लेखी कळवा की भत्त्याअभावी मी येऊ-जाऊ शकत नाही. चौकशीवर पुढे आक्षेप घ्यायला हे पत्र कामी येतं.

१३. पगारातून पीएफ कापतात, पासबुकात शून्य.

यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) जोडलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल द्या, शेवटचा भरणा कळेल. कापून भरलेला नसेल तर ती नुसती थकबाकी राहत नाही, फौजदारी विश्वासघात ठरतो. पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर कपात दाखवणाऱ्या पगारस्लिपा जोडून तक्रार टाका. कोणत्या महिन्यात किती कापले आणि पासबुकात कोणता महिना कोरा आहे, असा तक्ता करून दिलात तर काम लवकर हलतं.

१४. तेरा वर्षं होत आली, ग्रॅच्युइटी किती?

शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. १५,००० पगार आणि १२ वर्षं ७ महिने असतील तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून १३ वर्षं, म्हणजे १,१२,५०० रुपये. ३० दिवसांत मिळायला हवी. ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते. कायमवाल्यांना पाच वर्षं लागतात.

१५. वरिष्ठ अंगचटीला येतो, घाणेरडे मेसेज पाठवतो. तक्रार केली तर नोकरी जाईल का?

तक्रारीवरून काढणं बेकायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, ती ठेकेदाराकडच्या बायकांचीही तक्रार घेते. दहापेक्षा कमी माणसं, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते.

चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. त्या काळात त्याची किंवा तुमची बदली, नाहीतर तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, असं लेखी मागता येतं. मेसेज पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी पूर्ण संभाषण काढून ठेवा. पोलिसांत गुन्हा दाखल करायचा तर समितीच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

१६. गरोदर असल्याचं सांगितलं आणि 'आता घरीच बसा' म्हणाले.

आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, दोन मुलं असतील तर तिसऱ्या वेळी १२ आठवडे. या काळात काढणं बेकायदा. गरोदरपणाची माहिती तोंडी देऊ नका, डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी द्या (पोच, प्रश्न ५). ईएसआय असेल तर पैसे तिकडून मिळतात.

१७. जातीवरून बोलतात.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, यासाठी कामगार कार्यालयात नाही, पोलिसांत जायचं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. नेमके शब्द, जागा, ऐकणाऱ्यांची नावं फिर्यादीत आली पाहिजेत. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहिलेली फिर्याद पुढे ढिली पडते.

१८. मी सुपरवायझर आहे. हे सगळं मला लागू नाही म्हणतात.

अर्धं खरं आहे. देखरेखीचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर काढल्याचा वाद कामगार म्हणून नेता येत नाही. पण बघितलं जातं ते प्रत्यक्ष काम, कार्डावरचं पदनाम नाही. स्वतः मशीन चालवत असाल, रजा मंजूर करण्याचा अधिकार नसेल, तर नाव सुपरवायझर असूनही तुम्ही कामगार ठरू शकता. आणि थकलेल्या पगाराचा दावा (प्रश्न ६) सुपरवायझर, मॅनेजर सगळ्यांनाच खुला आहे.

१९. मी खासगी शाळेत शिक्षक आहे. पूर्ण पगारावर सही घेतात आणि अर्धा रोख परत मागतात.

शिक्षक 'कामगार' ठरत नाहीत, त्यामुळे कामावरून काढल्यास कामगार न्यायालयात जाऊ नका, वेळ वाया जातो. मान्यताप्राप्त खासगी शाळांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि काढल्याचं पत्र मिळाल्यापासून फक्त ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं असतं. या पानावरची ही सगळ्यात आखूड मुदत आहे. परत दिलेल्या पैशांसाठी बँकेचा उतारा बोलतो: दर महिन्याला पगार जमा आणि दुसऱ्याच दिवशी ठराविक रक्कम काढलेली. शक्य असेल तर परतफेड रोख न देता खात्यातून करा, किमान एकदा. क्लासेसमधल्या शिक्षकांना हा १९७७ चा कायदा नाही, त्यांनी करार आणि प्रश्न ६ बघावा.

२०. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून तो फडावरून हलू देत नाही.

उचल हे कर्ज आहे, त्यासाठी माणूस डांबता येत नाही. उचलीपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं, किंवा दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसणं, ही १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारी आहे. मुक्तता प्रमाणपत्र मिळालं की ती उचल रद्द होते आणि तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार मुकादमावर आहे.

अर्ज प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, आणि माणसं जिथे अडकली आहेत त्या जिल्ह्यात. कर्नाटकातल्या फडावर असतील तर तिथल्या. सोबत गावाकडच्या तहसीलदारांनाही प्रत द्या, आणि धोका असेल तर ११२. पोलीस बरेचदा 'देण्याघेण्याचं प्रकरण आहे' म्हणून परत पाठवतात. म्हणून अर्जात हिशेबाच्या आधी हे लिहा: कुणी अडवलं, फोन कुणाकडे आहे, पोरं कुठे आहेत, मारहाण झाली का. उचल किती, किती कोयते (तोडणीच्या जोड्या), किती टन तोडणी झाली, खाड्यापोटी (गैरहजेरीपोटी) किती कापले, हे त्यानंतर. निघतानाच हे आकडे घरी कुणाकडे तरी लिहून ठेवले असतील तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

२१. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. फोन १५१००. जाताना पोच घेतलेल्या प्रती आणि तारीखवार एक पानाची हकिकत न्या.

२२. साहेबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय. चालेल का?

तुम्ही स्वतः बोलत असलेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग उपयोगी पडू शकतं, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्या फोनवर रेकॉर्ड झालं तो विकू नका, फॉरमॅट करू नका. फाइल कापू नका, तिचं नावही बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेली प्रत मूळ धरली जात नाही.